उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेल्यानंतर पॅकेजे बिल्ड होत नाहीत: कारणे आणि उपाय

उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेणारे अपग्रेड बहुतेक वेळा विनातक्रार पूर्ण होते. संगणक पुन्हा सुरू होतो, डेस्कटॉप पूर्वीसारखाच दिसतो आणि सगळे सुरळीत झाले असे वाटते. मग केव्हातरी एखाद्या जुन्या पायथन प्रकल्पासाठी पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने, पॅकेजे बसवायला घेतली जातात आणि पडदाभर लाल अक्षरे उमटतात. अगदी शेवटी ‘फेल्ड बिल्डिंग व्हील फॉर’ असे म्हणून पॅकेजाचे नाव येते, आणि ही चूक एका उपप्रक्रियेतून आली असून ती बहुधा पिपची नाही, असे सांगून पिप हात झटकतो. अशा वेळी सर्वसाधारण प्रतिक्रिया एकच असते: काल हे पॅकेज बिल्ड होत होते, आज होत नाही, म्हणजे अपग्रेडने काहीतरी बिघडवले.

या समजुतीतच बहुतेकांचा वेळ वाया जातो, कारण काल ते पॅकेज आपल्या संगणकावर बिल्ड होत, म्हणजे मूळ सोर्समधून तयार होत, नव्हतेच. ते आयते येत होते. पायथन ३.१० साठी कंपाइल करून ठेवलेले व्हील पिप भांडारातून उतरवून घेत होता आणि केवळ उलगडून ठेवत होता. कंपायलरला हाक मारण्याची वेळच येत नव्हती. उबुंटू २४.०४ मध्ये पायथन ३.१२ आहे. प्रकल्पाच्या यादीत पॅकेजाची जी जुनी आवृत्ती बांधून ठेवलेली आहे, तिच्यासाठी ३.१२ चे व्हील कोणी तयारच केलेले नसते. मग पिप मूळ सोर्स उतरवतो आणि आपल्या संगणकावर पहिल्यांदाच बिल्ड करायला बसतो. म्हणून पुष्कळदा खरा उपाय बिल्ड दुरुस्त करण्याचा नसून बिल्ड करण्याची गरजच टाळण्याचा असतो. जे खरोखरच स्वतः बिल्ड करावे लागते, विशेषतः सी++ मधील प्रकल्प, त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती पुढे सविस्तर पाहू.

दर दोन वर्षांनी हाच प्रसंग नव्याने येतो. २०.०४ मध्ये पायथन ३.८ होता, २२.०४ मध्ये ३.१० आणि २४.०४ मध्ये ३.१२. त्याबरोबर जीसीसी हा कंपायलर ११ वरून १३ वर, बिल्डची आखणी करणारे सीमेक ३.२२ वरून ३.२८ वर आणि सी ची मूळ लायब्ररी जीलिबसी २.३५ वरून २.३९ वर गेली आहे. या वेळचा त्रास नेहमीपेक्षा अधिक जाणवतो, कारण २ ऑक्टोबर २०२३ रोजी आलेल्या पायथन ३.१२ मधून कित्येक वर्षे गृहीत धरलेले काही भाग काढून टाकण्यात आले.

एक खुलासा आधीच केलेला बरा. येथे आज्ञा आणि चुकांचे संदेश उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टंकायचे आहेत.

लॉगमधील पहिली चूक शोधणे

मदत मागताना बहुतेक जण लॉगच्या शेवटच्या चार ओळी पाठवतात. त्या ओळींत निदानाच्या दृष्टीने काहीही नसते. त्या केवळ काम फसले एवढेच सांगतात. खरे कारण शंभर-दोनशे ओळी वर दडलेले असते, आणि एका चुकीतून पुढच्या पन्नास चुका निर्माण झालेल्या असतात. म्हणून संपूर्ण लॉग आधी फाइलमध्ये साठवावा:

पिप इन्स्टॉल -व्ही पॅकेजनाव २>&१ | टी बिल्ड.लॉग

आणि त्यानंतर त्या फाइलमध्ये ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा कोठे आला आहे ते पाहावे. ज्यांनी संगणकाची भाषा मराठी ठेवली आहे, त्यांनी आज्ञेच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ हे शब्द जोडावेत. उबुंटूची पॅकेजे बसवणाऱ्या आप्टचे काही संदेश मराठीत भाषांतरित झालेले आहेत, आणि वाचायला ते सुखद असले तरी तोच संदेश इंटरनेटवर शोधला तर हाती काहीच लागत नाही.

पहिली चूक सापडली की ती कोणत्या थरातली आहे हे ठरवायचे असते: जुने व्हेन्व (एका प्रकल्पाची पायथन पॅकेजे वेगळी ठेवणारा फोल्डर), पायथनची आवृत्ती, नसलेली हेडर फाइल (लायब्ररीतील फंक्शनांच्या घोषणा असलेली फाइल), कंपायलरचा बदललेला स्वभाव, की आप्टमधील सरमिसळ. या क्रमाने तपासत गेल्यास बराच वेळ वाचतो, कारण सर्वांत स्वस्त तपासणी सर्वांत आधी होते.

जुने व्हेन्व टिकत नाही

व्हेन्वच्या ‘बिन’ फोल्डरमधील पायथन हा खरा पायथन नसून मूळ पायथनकडे बोट दाखवणारी एक लिंक असते. अपग्रेडनंतर ती लिंक मुकाट्याने ३.१२ कडे बोट दाखवू लागते, आणि ३.१२ आपली पॅकेजे ‘लिब/पायथन३.१२’ या फोल्डरमध्ये शोधतो, जे त्या व्हेन्वमध्ये नसतेच. पॅकेजे ‘लिब/पायथन३.१०’ मध्ये सुखरूप असतात, पण त्यांना विचारणारे कोणी उरत नाही. परिणामी ‘नो मॉड्यूल नेम्ड पिप’ असा चमत्कारिक संदेश येतो. व्हेन्व तयार करताना पायथन ३.१० चे नाव स्पष्टपणे घेतले असेल आणि अपग्रेडच्या शेवटी जुनी पॅकेजे काढून टाकण्यास होकार दिला असेल, तर लिंक तुटते आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ अशी तक्रार येते.

फोल्डरचे नाव बदलून ३.१० चे ३.१२ करण्याचा मोह येथे होतो. शुद्ध पायथनमध्ये लिहिलेली पॅकेजे अशाने चालतातही, आणि म्हणूनच हा उपाय फसवा आहे. सी मध्ये लिहिलेल्या भागांच्या फाइलींच्या नावातच ‘सीपायथन-३१०’ असा शिक्का असतो आणि ३.१२ त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. क्रिप्टोग्राफीसारखी काही पॅकेजे स्थिर एबीआय, म्हणजे पायथनच्या अनेक आवृत्त्यांशी जुळणारा दुवा, वापरत असल्यामुळे याला अपवाद ठरतात, परंतु त्यांच्या भरवशावर संपूर्ण व्हेन्व चालवता येत नाही. व्हेन्वच्या आज्ञेत ‘अपग्रेड’ हा पर्यायही आहे. मात्र तो ३.१० च्या फोल्डरमधील पॅकेजे ३.१२ च्या फोल्डरमध्ये आणून बसवत नाही.

म्हणून नवे व्हेन्व तयार करणे हाच मार्ग आहे. प्रश्न एवढाच उरतो की, जुन्या व्हेन्वमध्ये काय काय होते याची यादी प्रकल्पात नसेल आणि जुना पिप चालतच नसेल, तर ती मिळवायची कशी? यासाठी पिपला दुसऱ्या फोल्डरमधील पॅकेजांची यादी काढायला सांगता येते, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते:

पायथन३ -एम व्हेन्व नवे
नवे/बिन/पिप फ्रीझ --पाथ जुने/लिब/पायथन३.१०/साइट-पॅकेजेस > यादी.टीएक्सटी

पहिल्याच आज्ञेवर ‘एन्शुअरपिप इज नॉट अव्हेलेबल’ असे उत्तर आले तर आप्टमधून ‘पायथन३-व्हेन्व’ बसवावे. जुने व्हेन्व यादी हाती येईपर्यंत पुसू नये.

येथेच आणखी एक अडथळा भेटतो. व्हेन्व न वापरता थेट पिप चालवला, तर २४.०४ वर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा नकार मिळतो. हा बिघाड नाही. उबुंटूने पीईपी ६६८ या पायथनच्या सुधारणा-प्रस्तावानुसार मुद्दाम ठेवलेले ते कुलूप आहे, जेणेकरून पिप आणि आप्ट एकमेकांच्या फाइलींवर हात टाकणार नाहीत. ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ या पर्यायाने ते तोडता येते, आणि पर्यायाच्या नावातच परिणाम लिहिलेला आहे.

यादी सैल करणे

नव्या व्हेन्वमध्ये जुनी यादी जशीच्या तशी बसवायला घेतली की सुरुवातीला सांगितलेला प्रसंग घडतो. बिल्डच्या फंदात पडण्यापूर्वी कोणत्या पॅकेजांना ३.१२ चे व्हील उपलब्ध नाही, हे पिपलाच विचारावे:

पिप डाउनलोड --नो-डेप्स --ओन्ली-बायनरी=:ऑल: नम्पाय==१.२४.४

‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड’ असे उत्तर आले की ते पॅकेज बिल्ड करावे लागणार हे नक्की झाले. यादीतील प्रत्येक ओळीसाठी ही आज्ञा चालवणारी दोन ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली तर पाच मिनिटांत चित्र स्पष्ट होते. काही लहान पॅकेजे केवळ सोर्स स्वरूपातच प्रसिद्ध होतात आणि तीही येथे नापास दिसतात. परंतु त्यांत सी चा अंश नसल्यास ती बहुधा निमूट बिल्ड होतात.

उरलेल्या पॅकेजांची आवृत्ती पुढे सरकवणे हाच उपाय. नम्पायची ३.१२ ला पाठिंबा देणारी पहिली आवृत्ती १.२६.० आहे, पांडाजची २.१.१ आणि एआयओएचटीटीपीची ३.९.०. पायवायएएमएलसाठी ६.०.१ घ्यावी. मात्र आवृत्त्यांची बंधने सरसकट उडवून लावू नयेत. जून २०२४ मध्ये नम्पाय २.० आले आणि त्यात अनेक जुनी नावे काढून टाकलेली आहेत. बंधन काढताच पिप ती नवी मालिका आणतो, पॅकेज सहज बसते, आणि कोड मात्र चालवताना कोसळतो. जुन्या कोडसाठी ‘नम्पाय<२’ अशी मर्यादा घालावी, आणि टर्मिनलमध्ये ती अवतरणचिन्हांत लिहावी, नाहीतर शेल ‘<’ या चिन्हाचा अर्थ फाइलमधून वाचणे असा घेते आणि भलतीच तक्रार करते.

फ्रीझने दिलेल्या यादीत आपण स्वतः मागितलेली पॅकेजे आठ-दहाच असतात आणि बाकीची त्यांच्या मागून आलेली असतात. माझा अनुभव असा की, फक्त आपण मागितलेली नावे ठेवून मागून येणाऱ्यांची निवड पिपवर सोपवली, तर निम्म्याहून अधिक अडचणी तिथल्या तिथे मिटतात.

तरीही बिल्ड करावेच लागले तर

काही वेळा आवृत्ती बदलणे हाती नसते. अशा वेळी जे संदेश वारंवार दिसतात, त्यांचा अर्थ समजून घ्यावा लागतो.

‘मॉड्यूल पीकेजीयूटिल हॅज नो अॅट्रिब्यूट इम्पइम्पोर्टर’ हा त्यांतला सर्वाधिक भेटणारा. ‘इम्पइम्पोर्टर’ हा वर्ग ३.१२ मधून काढून टाकला आहे आणि पॅकेजे बिल्ड करणाऱ्या सेटअपटूल्सच्या जुन्या आवृत्त्या तो वापरतात. लोक साहजिकच आपल्या व्हेन्वमधील सेटअपटूल्स अद्ययावत करतात, पुन्हा प्रयत्न करतात आणि तोच संदेश पाहून चक्रावतात. कारण असे की, पिप प्रत्येक बिल्डसाठी एक वेगळी, तात्पुरती खोली उघडतो आणि त्या खोलीत काय ठेवायचे हे पॅकेजाची ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’ ही फाइल ठरवते. जुन्या पॅकेजाने तिथे सेटअपटूल्सची ठराविक जुनी आवृत्ती मागून ठेवलेली असेल, तर आपल्या व्हेन्वमध्ये काय आहे याने काहीही फरक पडत नाही.

‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स’ हा दुसरा. डिस्टयूटिल्स हा पॅकेजे बिल्ड करण्याचा पायथनमधील मूळ भाग पीईपी ६३२ नुसार ३.१० मध्ये कालबाह्य ठरवला गेला आणि ३.१२ मधून गेला. पूर्वी यावर ‘पायथन३-डिस्टयूटिल्स’ हे आप्टमधील पॅकेज बसवण्याचा सल्ला दिला जात असे. तो सल्ला अजून जागोजागी वाचायला मिळतो, पण २४.०४ मध्ये ते पॅकेजच नाही. सेटअपटूल्स आपल्या पोटात डिस्टयूटिल्सची प्रत बाळगते, त्यामुळे व्हेन्वमध्ये सेटअपटूल्स बसवल्यावर बहुतेक जुन्या स्क्रिप्ट चालू लागतात. ३.१२ पासून नव्या व्हेन्वमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही, हेही येथे लक्षात ठेवावे. बिल्डची वेगळी खोली बंद करणारा पर्याय वापरणाऱ्यांना ‘सेटअपटूल्स.बिल्ड_मेटा’ सापडत नसल्याची जी तक्रार दिसते, ती यामुळेच. नोडच्या (जावास्क्रिप्ट) प्रकल्पांत हाच संदेश ‘नोड-जिप’कडून येतो. त्याच्या दहाव्या आवृत्तीपासून ३.१२ चालतो, म्हणून तिथे नोड आणि एनपीएम अद्ययावत करणे हे पायथनशी झटापट करण्यापेक्षा सोपे पडते.

‘पायलाँगऑब्जेक्ट हॅज नो मेंबर नेम्ड ओबी_डिजिट’ असे दिसले तर कंपायलरला दोष देऊ नये आणि त्या सी फाइलला हातही लावू नये. ती फाइल माणसाने लिहिलेली नसून सायथनच्या, म्हणजे पायथनसारख्या कोडमधून सी कोड तयार करणाऱ्या साधनाच्या, जुन्या आवृत्तीने निर्माण केलेली आहे, आणि ३.१२ मध्ये पूर्णांकांची अंतर्गत रचना बदलली आहे. पॅकेजाची नवी आवृत्ती घेणे, किंवा तेच पॅकेज नव्या सायथनने पुन्हा निर्माण करणे, एवढेच दोन मार्ग उरतात.

याच्या अगदी उलट स्वभावाची चूक म्हणजे ‘सायथन_सोर्सेस’. येथे सायथन फार नवे असल्याची तक्रार असते. पायवायएएमएल ५.४.१ किंवा ६.० बिल्ड करताना तात्पुरत्या खोलीत सायथन ३ येते आणि या आवृत्त्यांचे त्याच्याशी जमत नाही. उपाय म्हणून एका फाइलमध्ये ‘सायथन<३’ एवढी ओळ लिहून ‘पिप_कन्स्ट्रेंट’ या एन्व्हायर्नमेंट चलाला त्या फाइलचा पत्ता द्यावा, २४.०४ सोबत येणारा पिप ही मर्यादा तात्पुरत्या खोलीतही पाळतो. पिपच्या अलीकडच्या आवृत्त्यांत यासाठी ‘बिल्ड-कन्स्ट्रेंट’ हा स्वतंत्र पर्याय आहे.

सीमेकबाबतही असेच एक कोडे आहे. ‘कम्पॅटिबिलिटी विथ सीमेक < ३.५ हॅज बीन रिमूव्हड’ हा संदेश फक्त सीमेक ४ देते, आणि २४.०४ मध्ये तर ३.२८ आहे! खुलासा पुन्हा त्या तात्पुरत्या खोलीतच सापडतो: पॅकेजाने सीमेक मागितलेले असते, पिप ते पायपीआय या पायथनच्या भांडारावरून आणतो, आणि मार्च २०२५ पासून तिथे चौथी मालिका मिळते. संगणकावरचे सीमेक तपासत बसणाऱ्याला हे कधीच उमगत नाही. ‘सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम=३.५’ हे चल ठेवून आज्ञा पुन्हा चालवल्यास पुष्कळशी जुनी पॅकेजे पुढे सरकतात.

हेडर फाइली नसणे हा त्यामानाने सरळ मामला आहे. ‘पायथन.एच’ सापडत नसेल तर ‘पायथन३-डेव्ह’ बसवावे, ३.१० चे डेव्ह पॅकेज असले तरी ३.१२ ला त्याचा उपयोग नाही. ‘पीजी_कॉन्फिग’ नसेल तर ‘लिबपीक्यू-डेव्ह’ लागते. मायएसक्यूएलक्लायंट २.२ पासून ‘पीकेजी-कॉन्फिग’वर अवलंबून आहे, म्हणून त्यासाठी ‘पीकेजी-कॉन्फिग’ आणि ‘डीफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह’ ही दोन्ही हवीत. कोणती फाइल कोणत्या पॅकेजात आहे हे ‘आप्ट-फाइल’ ही आज्ञा सांगते. याहून सोयीचा मार्ग म्हणजे तेच पॅकेज उबुंटूच्या भांडारात असल्यास त्याच्या बिल्डला लागणारे सगळे साहित्य ‘आप्ट बिल्ड-डेप’ने एकदम आणणे. त्यासाठी सोर्स भांडार चालू असावे लागते, २४.०४ मध्ये ते ‘उबुंटू.सोर्सेस’ या फाइलीतील ‘टाइप्स’च्या ओळीत ‘डेब-एसआरसी’ हा शब्द वाढवून चालू करता येते.

लॉगमध्ये ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस’ दिसले, तर मेमरी संपली एवढाच त्याचा अर्थ. एकाच वेळी चालणाऱ्या कामांची संख्या एकवर आणून पाहावी.

सी++ प्रकल्प आणि जीसीसी १३

स्वतः बिल्ड करायच्या प्रकल्पांत अपग्रेडनंतर पहिली गोष्ट करावी ती म्हणजे जुना बिल्ड फोल्डर संपूर्ण पुसणे. सीमेक आपल्या ‘सीमेककॅश.टीएक्सटी’ या फाइलीत कंपायलर आणि लायब्रऱ्यांचे संपूर्ण पत्ते लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी त्यांची पुन्हा चौकशी करत नाही. त्यामुळे ‘नो रूल टू मेक टार्गेट’ असे म्हणून ‘लिबपायथन३.१०.एसओ’सारख्या आता अस्तित्वातच नसलेल्या फाइलीचा पत्ता दिसतो. ‘मेक क्लीन’ने ही फाइल जात नाही; फोल्डरच काढावा लागतो.

त्यानंतर उरते ती जीसीसी १३ ची खास चूक: ‘यूइंट३२_टी डझ नॉट नेम अ टाइप’. यामागे कोडमध्ये वर्षानुवर्षे असलेली, पण कधीच न जाणवलेली एक उणीव आहे. ‘यूइंट३२_टी’ हा प्रकार ‘सीएसटीडीइंट’ या हेडर फाइलीत आहे. मात्र जुन्या जीसीसीच्या इतर हेडर फाइली, उदाहरणार्थ ‘स्ट्रिंग’, तिला आपल्यासोबत आत ओढून आणत असत. जीसीसी १३ ने हेडर फाइलींमधील अशी अनावश्यक ओढाताण कमी केली आणि उसनवारीवर चाललेला कोड उघडा पडला. कंपायलर स्वतःच खाली सूचना देतो की ‘सीएसटीडीइंट’ जोडायचे राहिले का. ती सूचना तंतोतंत खरी असते. आपला कोड असल्यास त्या फाइलीच्या माथ्यावर एक ओळ वाढवावी. दुसऱ्याचा असल्यास आणि बदल करायचा नसल्यास बिल्डच्या वेळी हा पर्याय द्यावा:

सीएक्सएक्सफ्लॅग्स="-इन्क्लूड सीएसटीडीइंट"

यानेही भागले नाही तर २४.०४ च्या भांडारात जीसीसी ११ आणि १२ अजून आहेत. ‘जीसीसी-११’ व ‘जी++-११’ बसवून ‘सीसी’ आणि ‘सीएक्सएक्स’ या चलांतून त्यांची नावे देता येतात. संपूर्ण संगणकाचा कंपायलर बदलण्याची त्यासाठी गरज नाही आणि तसे करूही नये.

नसलेली लायब्ररी किंवा चुकीची आवृत्ती सापडत असल्याचा संशय आला, तर ‘/यूएसआर/लोकल’ हा फोल्डर अवश्य पाहावा. तीन वर्षांपूर्वी हाताने बिल्ड करून तिथे ठेवलेली एखादी लायब्ररी अपग्रेडला दिसत नाही, म्हणून ती तशीच राहते, आणि कंपायलर मात्र तिथल्या हेडर फाइली सगळ्यांच्या आधी वाचतो. हेडर जुने आणि लायब्ररी नवी, अशा जोडीतून निघणाऱ्या लिंकरच्या चुका वाचून माणूस भलत्याच दिशेने शोध घेत राहतो. मी स्वतः प्रोटोबफ या लायब्ररीच्या अशाच एका विसरलेल्या प्रतीपायी एक पूर्ण दुपार घालवली आहे.

आप्टमधील सरमिसळ

डेव्ह पॅकेज बसवताना आप्टच अडून बसले आणि एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांची नावे सांगू लागले, तर कारण बहुधा त्रयस्थ भांडारांत असते. अपग्रेडच्या वेळी पीपीए आणि तत्सम भांडारे बंद केली जातात, पण त्यांतून आलेली पॅकेजे संगणकावर राहतात. डेव्ह पॅकेजाला लायब्ररीची अगदी तीच आवृत्ती लागते, आणि बसलेली असते पीपीएमधील निराळी. भांडारांत आता न सापडणारी पॅकेजे ‘आप्ट लिस्ट’ला ‘~ओ’ हा नमुना दिला की दिसतात, आणि कोणती आवृत्ती कोठून आली हे ‘आप्ट-कॅश पॉलिसी’ सांगते. अशी लायब्ररी उबुंटूच्या अधिकृत आवृत्तीवर मागे आणावी. बंद झालेला पीपीए २४.०४ साठी पॅकेजे देतो याची खात्री केल्याशिवाय तो पुन्हा चालू करू नये.

स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये लायब्रऱ्यांची नावे लिहून ठेवणाऱ्यांना आणखी एक धक्का बसतो. ३२ बिटांच्या एआरएमवर वेळ ६४ बिटांत मोजण्यासाठी २०२४ मध्ये जे स्थित्यंतर झाले, त्यात अनेक लायब्रऱ्यांच्या नावांपुढे ‘टी६४’ लागले: ‘लिबएसएसएल३’चे ‘लिबएसएसएल३टी६४’ झाले. नेहमीच्या ६४ बिटांच्या संगणकावर जुने नाव बहुतेक ठिकाणी चालून जाते, पण ‘लिबएसाउंड२’ चालत नाही. ते नाव पुरवणारी पॅकेजे एकाहून अधिक असल्यामुळे आप्ट स्वतः निवड करत नाही. तिथे ‘लिबएसाउंड२टी६४’ असे स्पष्ट लिहावे लागते. डेव्ह पॅकेजांची नावे मात्र बदललेली नाहीत.

पायथन ३.१० हवाच असेल तर

एका परिचितांच्या संगणकावर मी पाहिलेला उपाय येथे नोंदवतो, तो कोणी करू नये म्हणून. त्यांनी पायथन ३.१० दुसरीकडून आणून ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ ही लिंकच त्याच्याकडे वळवली होती. प्रकल्प चालू लागला. मात्र टर्मिनलची खिडकी उघडेना, कारण उबुंटूमध्ये ती उघडणारी आज्ञा ही पायथनची स्क्रिप्ट आहे, आणि आप्टशी संबंधित आज्ञा ‘नो मॉड्यूल नेम्ड आप्ट_पीकेजी’ असे म्हणून थांबू लागल्या. उबुंटूची स्वतःची साधने ३.१२ साठी बिल्ड झालेली असतात. ती लिंक त्यांची आहे, आपली नाही. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून मजकुरी पडद्यावर जाऊन लिंक पूर्ववत केल्यावर सगळे सुरळीत झाले.

जुना पायथन शेजारी ठेवायला हरकत नाही. डेडस्नेक्स या पीपीएमध्ये २४.०४ साठी ३.१० मिळतो. पायएन्व्ह या साधनाने तो आपल्या होम फोल्डरमध्ये बिल्डही करता येतो. मात्र त्याआधी ‘लिबएसएसएल-डेव्ह’, ‘लिबएफएफआय-डेव्ह’, ‘लिबएसक्यूलाइट३-डेव्ह’, ‘लिबबीझेड२-डेव्ह’ आणि ‘झेडलिब१जी-डेव्ह’ बसवावीत. यांतले एखादे नसेल तरी पायथनचे बिल्ड पूर्ण झाल्यासारखे दिसू शकते, आणि त्यातील एखादा भाग, उदाहरणार्थ एसक्यूलाइट, गहाळ असल्याचे पुढे प्रकल्प चालवताना कळते. पायथन ३.१० ला सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याचा काळ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, हे गणितही मनात असू द्यावे.

हीच पॅकेजे डेबियन १३ किंवा अलीकडच्या फेडोरावर न्यायची असतील, तर चुका वेगळ्या दिसतील. डेबियन १३ मध्ये पायथन ३.१३ आणि जीसीसी १४ आहे. जीसीसी १४ मध्ये घोषणा न केलेले फंक्शन वापरणे आणि न जुळणारे पॉइंटर एकमेकांना देणे, या पूर्वी केवळ इशारा देऊन सोडून दिल्या जाणाऱ्या गोष्टी थेट चूक ठरतात; ‘-डब्ल्यूनो-एरर=इम्प्लिसिट-फंक्शन-डिक्लरेशन’ आणि ‘-डब्ल्यूनो-एरर=इन्कम्पॅटिबल-पॉइंटर-टाइप्स’ या पर्यायांनी त्या पुन्हा इशाऱ्यांवर आणता येतात. फेडोरा ४२ मधील जीसीसी १५ तर सी ची २०२३ ची प्रमाणभाषा गृहीत धरते, जिच्यात ‘बूल’ हा राखीव शब्द आहे आणि रिकाम्या कंसाचा अर्थ एकही आर्ग्युमेंट नाही असा होतो. जुन्या कोडमध्ये ‘बूल’ची स्वतःची व्याख्या सापडली आणि कंपायलर तिथेच अडला, तर ‘सीफ्लॅग्स’मध्ये ‘-एसटीडी=जीएनयू१७’ घालून पाहावे.